जज्ज

माईकवरचा माणूस सकाळपासून म्हणत होता, जज्ज, जज्ज.
मला वाटलं, कोर्टातलं कुणी यायचंय बक्षीस द्यायला.
मग कळलं, अरबीत कातरणीला म्हणतात तसं.

जहराची जुनी बाग, मार्चातला शुक्रवार.
खजुरांच्या रांगेमागे मातीचा कहवाखाना.
बसऱ्याकडे निघालेले तांडे इथं टेकायचे म्हणे,
आता कागदी कप, वेलदोडा, केशर,
आणि भिंतीला पाठ लावून फोटो काढणारी पोरं.
कुंपणापलीकडं वाळूला अर्फजचं पिवळं फुटलेलं,
चार दिवसांचं. पाचव्या दिवशी विचारू नये.

माझं टेबल डाव्या हाताला. प्रथमोपचार.
एक छत्री, दोन खुर्च्या, पट्ट्या, आयोडीन,
आणि रजिस्टर. त्यात दुपारपर्यंत एकच नोंद:
मुलगा, वय सहा, बोरीचा काटा.

समोर मांडवात नईमी मेंढ्या.
तोंडं तांबूस, अंगं पांढरी, मागं चरबीचं गाठोडं;
जड पिशव्या घेऊन बाजारातून परतणाऱ्या
बायांसारख्या चालत होत्या, कुणाकडं न बघता.

मशीनवाले दोघे आधी झाले. तीन मिनिटं, टाळ्या.
मग इद्रीस. दारफूरचा. हातात नुसती कातर.
'ही जुनी पद्धत,' माईक म्हणाला,
आणि जुनं म्हटल्याबरोबर सगळ्यांचे मोबाईल वर.

त्यानं मेंढीला बसतं केलं, तिची पाठ आपल्या गुडघ्यांना.
आमचे आप्पा आडवी पाडत. तीन पाय बांधत,
चौथा मोकळा ठेवत. 'श्वास घ्यायला,' म्हणत.
पायानं कोण श्वास घेतं, हे मी कधी विचारलं नाही.

कर्र-चक. कर्र-चक.
वरून मळकी लोकर आतून उलटत गेली
फोडलेल्या नारळासारखी.

तेवढ्यात कुणाचा तरी फुगा फुटला.
मेंढी उसळली, आणि तिच्या काखेत लाल रेघ.
माईक गप्प. बू मिशारी हसत म्हणाले,
खलास, खलास, दुसरी आणा.

मी आयोडीन घेऊन धावले तेव्हा
इद्रीस अंगठ्यानं जखम दाबून बसला होता.
अंगठाही कापलेला. रक्त कुणाचं किती, कळेना.
'आधी हिला,' त्यानं हनुवटीनं सांगितलं.
आप्पा हळद दाबत; हळद नसली तर बिडीची राख.
अंगठ्याच्या मुळाशी तोच घट्टा,
वाटाण्याएवढा, पिवळा, कातरीनं पाळलेला.

'येतं तुला?' त्याची मोडकी अरबी
माझ्या मोडक्या अरबीला म्हणाली.
म्हटलं, धरायला येतं.
आमच्यात कातर पोरींच्या हातात देत नसत,
धरायला पोरी चालायच्या.

तर मी धरली. पांढऱ्या युनिफॉर्मात, मांडी घालून,
तिचं तोंड माझ्या काखेत, गरम, ओलं.
उरलेली बाजू त्यानं कातरली.
टाळ्या झाल्या का, मला आठवत नाही.

संध्याकाळी लोकरीची पोती कचऱ्याच्या गाडीत चढली.
घेत नाही कुणी, म्हणाले.
आटपाडीलाही सणगराचा माग थांबला त्याला सहा वर्षं झाली;
चिंचोक्याची खळ शिजत नाही, लोकर बांधावर टाकतात,
वाऱ्यानं ती बाभळींना लागते
आणि लांबून बाभळी म्हाताऱ्या दिसतात.

छत्री मिटवली. रजिस्टर पुरं केलं.
दोन: इद्रीस. वय, तीस म्हणाला, चाळीस असेल.
उजवा अंगठा, दोन टाके.
सिव्हिल आयडी: मालकाच्या कपाटात.
तीन: मादी, वय दोन, नईमी. उजवी काख, अर्धा इंच.
नंबर: कानात बिल्ला, ४४७१.

रात्री सुपरवायझरचा फोन.
मला वाटलं, मेंढीवरून बोलेल.
म्हणाला, 'सिस्टर, तीन नंबर ठीक आहे.
दोन नंबर अपुरा का?'